दोघांनी उचललेली पिशवी

काच बसवायच्या कामात तेवीस वर्षं माझा जोडीदार एकच होता. सगळे त्याला डिंक म्हणत. तोंडावरही.

मोठी काच दोघांनी उचलायची असते. खालून चामडी पट्टे घालायचे, पावलं जुळवायची, चौकटीतल्या लाकडी ठोकळ्यांवर अलगद टेकवायची. एकाने विचारायचं, "सोडू?" दुसऱ्याने म्हणायचं, "सोड." मग हात काढायचा. आधी नाही, नंतरही नाही.

डिंक तीनदा विचारायचा, "धरलीस ना? नक्की धरलीस?" मी "सोड" म्हटलं तरी त्याची बोटं काचेला तशीच. एकदा मी माझी बाजू टेकवली, त्याने त्याची धरूनच ठेवली. काच कोपऱ्यातून तडकली. मुकादम ओरडला, "अरे, काच आहे ती, बायको नव्हे!"

"बायकोलाही असंच धरतो," डिंक म्हणाला. "तीही अशीच ओरडते."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. वहिनी कपडे शिवायच्या कारखान्यात होत्या. जेवणाच्या सुट्टीत डिंक त्यांना तीन फोन करायचा. जेवलीस ना? येतेस ना? संध्याकाळी पंधरा मिनिटं उशीर झाला की हा फाटकावर हजर.

त्याच्या आईने मला एकदा सांगितलं होतं. "पाच महिन्यांचा होता, तेव्हा मला छातीचा आजार झाला. दीड वर्ष दवाखान्यात होते. हा चार घरं फिरला. मावशी, काकू, शेजारीण, परत मावशी. लळा लागला की घर बदललं. मी आले, तर यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, विसरला मला. आत जाऊन रडत बसले. तिथंच बसायला हवं होतं रे, त्याच्याजवळ."

गेल्या वर्षी, आम्ही दोघांनी काम कायमचं सोडल्यावर, एका सोमवारी वहिनींनी बॅग भरली. "अहो, आठ दिवस बहिणीकडे जाते. एकही फोन नको. आला, तर तिकडेच काम बघेन. पुढच्या मंगळवारी चारच्या बसने येते."

तिसऱ्या दिवशी डिंक माझ्याकडे आला. स्वतःचा फोन माझ्या हातात कोंबला. "तुझ्याकडे ठेव. हात स्वस्थ राहत नाही."

"जेवतोस का?"

"काल दोन ताटं घेतली. एक परत ठेवलं. लेका, पुन्हा काढलं."

शनिवारी त्याने घरच्या सगळ्या खिडक्या पुसल्या. रविवारी पुन्हा पुसल्या. काचेवर डाग नव्हता, मी पाहिलं.

मंगळवारी तीनपासून आम्ही थांब्यावर. बस आली. वहिनी चौथ्या उतरल्या, हातात कापडी पिशवी, पाठीला बॅग. त्यांनी याच्याकडे पाहिलं. आठ दिवस जीव टांगणीला लावून बसलेल्या माणसाने पाठ फिरवली. समोरच्या दुकानाच्या खिडकीशी जाऊन तिच्या काचेभोवतीची पुट्टी अंगठ्याने दाबून बघत बसला.

वहिनींचा चेहरा उतरला. "फोन केला नाही, ते ठीक. आता बघतही नाहीत?" त्या बसकडे वळल्या. दार अजून उघडं होतं.

"वहिनी, त्याची आई काय म्हणायची?"

त्या थांबल्या. ती गोष्ट त्यांनी माझ्याहून जास्त वेळा ऐकली होती. बस गेली. त्या बाकावर बसल्या, पिशवी पायाशी ठेवली. हाक मारली नाही, फणकारून काही बोलल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. वीस मिनिटं. बसून राहणं हे सोपं काम आहे असं ज्याला वाटतं, त्याने ते करून बघावं.

डिंक आला. हातभर अंतर ठेवून बसला. समोर बघतच पिशवीचा एक बंद धरला. वहिनींनी दुसरा धरला.

"धरलीस ना?" त्याने एकदाच विचारलं.

"धरली."

दोघं उठले. आत दोन कपडे आणि बहिणीने दिलेला डबा असेल, फार तर तीन किलो. एका हाताचं काम. दोघांनी मिळून नेलं. मागून पाहिलं, तर पावलं जुळत होती.

त्याचा फोन माझ्या खिशातच राहिला होता. मी हाक मारली नाही.