टायरात भरलेला दर्या

आमच्या मुकादमाला सगळं कळायचं. निदान त्याचा तसा समज होता, आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. हा सभेला जाऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला असं ऐकवायचा, जणू भाषण यानेच ठोकलं होतं.

दादरच्या एका जिमखान्याच्या मैदानावर मी रोजंदारीवर होतो. गवत कापायचं यंत्र आणि रूळ ओढायला तिथे एक छोटा ट्रॅक्टर होता, तो मी चालवायचो. मुकादम आमच्याच गावचा, मालवणकडचा. त्यानेच मला कामाला लावलं होतं, आणि ते तो मला जेवतानासुद्धा विसरू द्यायचा नाही. कायम झालो की मैदानामागची खोली मिळणार होती. बायको गावी, पोटुशी. खोली मिळाली की तिला आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

पॅव्हेलियनपुढच्या उतारावर ट्रॅक्टरची मागची चाकं नुसती गरगरायची. जिमखान्याचे साहेब म्हणाले, "मागच्या टायरांत पाणी भरा. वजन आलं की पकड येईल." साधी गोष्ट. नळ समोर होता. पण सरळ काम करील तर तो मुकादम कसला!

"नळाच्या पाण्याक वजन खंय आसा?" तो म्हणाला. "होडी नदीत खाली बसता, दर्यात वर ऱ्हवता. भारी पाणी ता खाराच. आमका शिकवतत!"

झालं. वरळी कोळीवाड्यातून हातगाडीवर दर्याचं पाणी आलं, पिंपं भरभरून. चाक जॅकवर उचललं, व्हॉल्व्हची पिन काढली, पिंप बाकावर चढवून नळी लावली. मी घामाघूम, आणि हा शहाणा बाजूला उभा राहून "सावकाश, सावकाश" करतोय. टायर पाऊण भरलं, वर हवा मारली. ट्रॅक्टर उतार चढला हे खरं, पण नळाच्या पाण्यानेही चढला असता. मग याने ट्रॅक्टरला हार घातला, नारळ फोडला आणि वर हुकूम सोडला, रोज काम संपलं की ट्रॅक्टर खेळपट्टीला लागून उभा करायचा. का, तर साहेबांना दिसावा!

खाऱ्या पाण्याने व्हॉल्व्ह कधी गंजला ते कळलंच नाही. थेंब थेंब गळत राहिला. ऐन सामन्यांच्या तोंडावर खेळपट्टीलगतचं गवत पिवळं पडलं, मग करपून जमीन उघडी पडली.

साहेब संतापले. "खारं पाणी? कोणाचं डोकं हे?"

मुकादमाने टोपी काढली आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्याचा, साहेब. माझा ऐकत नाय."

मुंबई आमची म्हणून घसा फोडणारा हा मर्द, त्याला दोन चाकांतलं पाणी आपलं म्हणवेना. थू! मी बोललो, ओरडलो. पण रोजंदारीवाल्याचं ऐकतो कोण? त्याच दिवशी मला काढलं. फाटकाबाहेर येऊन हा कानाशी लागला, "गप ऱ्हव. तुका दुसरीकडे लावतंय."

लावतोय कसला! मी वखारीत, गोदीत, मिळेल तिथे हमाली केली. खाडा झाला की हातचं काम जायचं, त्यामुळे मुलगी झाल्याचं कळूनही गावी जाता आलं नाही. मुकादम मात्र हक्काची रजा काढून शिमग्याला जायचा, गणपतीला जायचा. पोरीची झबली, खाऊ मी त्याच्याच हाती पाठवायचो. जाणारं दुसरं होतं कोण? याला नमस्कार करून पिशवी देताना माझा जीव जळायचा.

पोर चालती-बोलती झाल्यावर एका गणपतीला मी कसाबसा गेलो. नशीब असं, की अंगणात आम्ही दोघं बरोबरच पोचलो. बायको दारातून ओरडली, "गो, बाबा इले!"

पोर धावत बाहेर आली. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि सरळ मुकादमाच्या पायांना मिठी मारली.

हलकटाने तिला उचलून कडेवर घेतलं आणि माझ्याकडे बघून हसला. "माका वळकता," म्हणाला.