मेलबॉक्सवरचे ऊर्फ

अमेरिकेतल्या बॉथेलमधल्या आमच्या शेजाऱ्यांचं नाव मी सांगत नाही, कारण ते टिकतच नाही. रिटायर झाल्यापासून ते आपले फ्रेंच-कॅनेडियन पूर्वज शोधताहेत. त्या लोकांत एका आडनावाला ‘दी’, म्हणजे आपला ऊर्फ, लावून दुसरं जोडायची पद्धत होती. नवा ऊर्फ सापडला की हे तो मेलबॉक्सवर चिकटवतात. पाच झालेत. पोस्टमन वैतागून आता आमचीही पत्रं त्यातच टाकतो. मग ती द्यायला म्हणून हे येतात आणि तासभर बसतात.

“आठ भाऊ, आणि बारशाला आठही जोसेफ!” परवा ते सांगत होते.

पुण्याहून आलेल्या माझ्या आईने विचारलं, “मग जेवायला हाक कशी मारायचे?”

मी ट्रान्सलेट केलं. त्यांनी तो प्रश्न गंभीरपणे वहीत लिहून घेतला.

“आमच्या बायका मात्र चटकन सापडतात,” ते म्हणाले. “चर्चच्या वहीत मरेपर्यंत माहेरचंच नाव. तुमच्या आईचं काय?”

आई चक्क लाजली. “कमल. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात वैजयंती लिहिलं.”

दुसऱ्या दिवशी मेलबॉक्सवर सहावी पट्टी होती : ‘वैजयंती दी कमल’.

“काढायला सांगू का गं?” मी आईला विचारलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून त्यांच्या उच्चारातली आरोळी आली, “कमाल!”

एरवी तीन हाकांशिवाय न हलणारी आई पहिल्याच हाकेला “ओ” देऊन उठली.