गंजीवरचा दुपट्टा

दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "ताई, हे वावरात पडले... उठूनच नाई राहिले." अकोल्याहून दर्यापूरची बस धरून मी गावी पोचले, तोवर सगळं संपलं होतं. माझा थोरला भाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, सोंगलेल्या सोयाबीनचा ढीग रचून गंजी लावत होता. छातीत कळ आली आणि तो तिथंच बसला. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घातलं, पण वाटेतच गेला.

दादाचं नाव निघालं की बोंड्याचं निघणारच. कापसाच्या ढिगात सापडलेलं कुत्र्याचं पांढरं पिलू, म्हणून बोंड्या. सुगीच्या दिवसांत दोघं घरी फक्त झोपायला यायचे. दादाची एक रीत होती. शेतातून हलायचं असलं की खांद्यावरचा दुपट्टा मालावर टाकायचा आणि बोंड्याला म्हणायचा, "बस इथं." मग दादा स्वतः येऊन दुपट्टा उचलेपर्यंत मालाला कोणाचा हात लागत नसे, वहिनीचासुद्धा. परत आला की भाकरीचे दोन तुकडे करायचा, आपला आधी खायचा, दुसरा बोंड्याला द्यायचा. "झाली ड्यूटी," म्हणून दुपट्टा झटकायचा आणि दोघं घराकडे निघायचे.

मी एकदा हसले होते. "काहून रे दादा, कुत्र्याच्या पंगतीले बसतं का?"

"मी कुठं बसतो? तोच मायासंगं जेवते. तुया घरी तं नवराबी टीव्हीसंगं जेवते."

खरंच होतं ते.

त्या दिवशी जीप आणायला शेजारी धावले, तेव्हा दादा शुद्धीवर होता. तेवढ्यातही त्यानं दुपट्टा गंजीवर टाकला. जीप आली, दादाला घेऊन गेली, आणि दुपट्टा उचलायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

राख सावडायच्या दिवशी आभाळ भरून आलं. सोयाबीन भिजलं असतं तर वहिनीच्या हाती काही लागलं नसतं. गावातले सलीमभाई मळणीयंत्र घेऊन शेतात गेले आणि तसेच परत आले. "ताई, बोंड्या गंजीपाशी येऊच देऊन नाई राहिला. पाणीबी पेला नाई. काठी उचलाले मन नाई होत माह्यं."

"भिजू द्या मंग," वहिनी म्हणाली. "त्याले मारून पीक नाई पाह्यजे मले."

मी शेजारणीनं पाठवलेली भाकरी घेतली आणि सलीमभाईंसोबत निघाले. बोंड्या गंजीला पाठ लावून बसला होता. मला ओळखत होता, तरी गुरगुरला. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले. भाकरी मोडली. आपला तुकडा आधी खाल्ला... बातमी आल्यापासून माझ्याही पोटात काही नव्हतं. दुसरा तुकडा पुढे केला. बराच वेळ तो माझ्या मागच्या वाटेकडे बघत राहिला. मग उठला, जवळ आला आणि माझा हात हुंगला. भाकरी खाल्ली.

"झाली ड्यूटी, बोंड्या," मी म्हटलं आणि दुपट्टा उचलला. तो गुरगुरला नाही. त्या दिवशी जीप जिथं उभी होती तिथं जाऊन पडून राहिला. सलीमभाईंनी यंत्र सुरू केलं. पाऊस आला तेव्हा पोती घरात होती.

आता कापसाची वेचणी सुरू आहे. दुकान एक दिवस बंद ठेवून मी जाऊन येते. वहिनी कापसाच्या ढिगावर दुपट्टा टाकते, बोंड्या येऊन हुंगतो आणि बसतो. संध्याकाळी वहिनी भाकरी मोडते. तिच्या हातून खातो, पण घराकडे निघण्याआधी वाटेकडे एकदा बघून घेतो.

दुपट्टा मातीनं आणि घामानं काळा पडलाय. परवा वहिनी म्हणाली, "ताई, धुऊन टाकू का?"

मी म्हटलं, नको. वास गेला तर तो राखण कशाची करील? कापूस संपेपर्यंत राहू दे. मग बघू.