स्पेअरमामाच्या पाच डिस्क

माझ्या मामाला आम्ही भाचरं पाठीमागे स्पेअरमामा म्हणतो. पाठीमागे कसलं, त्याला चांगलं माहीत आहे आणि वर तो खूश आहे. त्याने सगळी नोकरी वीजकेंद्रात काढली. तिथे प्रत्येक पंपाशेजारी एक राखीव पंप असतो. एक बंद पडला की दुसरा सुरू. ही शिस्त मामाने घरी आणली. त्याच्याकडे चष्मे दोन, किल्ल्यांचे जुडगे तीन, कात्र्या चार. हवी तेव्हा एकही सापडत नाही, ती गोष्ट वेगळी.

पन्नाशी उलटल्यावर त्याच्या हाती कॉम्प्युटर आला. माकडाच्या हाती कोलीत म्हणवत नाही, शेवटी मामा आहे तो माझा. पण घरातल्या झाडून सगळ्या डीव्हीडींच्या तो प्रती काढत सुटला. डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसायची, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, मग कोऱ्या डिस्कवर अगदी सावकाश राइट करायची. घाई केली की प्रत बिघडते म्हणे. शेवटी प्रत मुळाशी जुळवून बघायची. पडद्यावर बरोबरची खूण आली की मामा मार्करने नंबर टाकायचा. एक प्रत कपाटात, एक पलंगाखाली, एक बहिणीकडे, म्हणजे आमच्या घरी. बघायला मात्र सक्त मनाई. "वापरली की ओरखडे पडतात," हे त्याचं उत्तर ठरलेलं.

मामी हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाली त्या दिवशी तिने भाषण केलं, आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं. मामाला मात्र त्या दिवशी ड्यूटीवर बदली माणूस मिळेना, म्हणून तो समारंभाला जाऊ शकला नाही; अख्ख्या वीजकेंद्रात ज्याला स्पेअर नव्हता असा तो एवढा एकटाच. आठवड्याने समारंभाची डिस्क घरी आली आणि मामाने तिच्या थेट पाच प्रती काढल्या.

"दोघं मिळून बघू या का?" मामीने विचारलं.

"आता सेफ आहे ती. बघू निवांत."

त्या निवांताला नऊ वर्षं झाली. मामीने ती डिस्क एकटीने कधी लावली नाही.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. नव्याला डिस्क घालायचा खणच नसतो, असं दुकानदाराने सांगितलं. मी सहज गेलो होतो, तेव्हा मामी मामाला म्हणत होती, "हा कॉम्प्युटर जायच्या आत मला ते भाषण दाखवा."

मामाने मूळ डिस्क लावली. मामी माइकपुढे उभी होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मामाने स्पीकर बदलला, दुसरा होताच. मग एक नंबरची प्रत लावली, दोन नंबरची लावली, आमच्या घरची फोन करून मागवली. सगळ्या मुक्या. शूटिंग करणाऱ्याने आवाज घेतलाच नव्हता.

"पण जुळतात सगळ्या," मामा बारीक आवाजात म्हणाला.

मला हसू फुटणार होतं. मामीकडे लक्ष गेलं आणि मी ते गिळलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

पडद्यावर समोरची माणसं हसली आणि मामीने डोळे टिपले.

"इथे काय म्हणालीस?" मामाने विचारलं.

"तुमच्याबद्दलच होतं. म्हटलं, आज हे ड्यूटीवर आहेत. पण घरी गेल्या गेल्या विचारतील, काय बोललीस. तेव्हा हे सगळं त्यांना परत म्हणून दाखवायचंय."

मामा म्हणाला, "दाखवलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे?"

मामाने पडदा बंद केला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "आता विचारतो. काय बोललीस?"

"आता सगळं नाही हो आठवत," ती म्हणाली, आणि आठवली तेवढी चार वाक्यं तिने सांगितली.