हैबतरावानं न गिळलेला घोट

आमची सासू बयाबाई. तिच्याबद्दल कुनी चांगलं बोलंल तर मला सांगा, मी त्याला जेवाय वाढीन. बाई वाईट नव्हती, पर संशयी! देवाफुडं नारळ फोडला आन् गुरवानं अर्धी वाटी परत दिली, तर ती हातात जोखून बगायची. "ह्येनं खोबरं काडलंय गं चिमे." भगताच्या अंगात खंडोबा आला, की ही त्याच्या तोंडाजवळ जाऊन दारूचा वास घ्यायची. मी नवी नवरी व्हते तवा पयलं वरीसभर माझ्या मागनं येऊन दुधाची गाडगी झाकलीत का न्हाई ते बगायची. असली खाष्ट.

तिच्या पाठचा भाऊ बहिरू. त्याच्या पायाला नासूर झाला. भगतानं दोन कोंबडी खाल्ली, पाय काय बरा झाला न्हाई. फुडं किडं पडलं. आमच्यातलं कुनी त्या पायाजवळ बसत नव्हतं, मीबी न्हाई, खोटं कशाला बोलू? शेवटी कुशाबा म्हनून आमच्या भावकीतला एक मानूस, त्यानं बहिरूला गाडीत घालून पौडाकडं ख्रिस्ती लोकांच्या दवाखान्यात नेलं. तितल्या पाद्रीसायबानं आपल्या हातानं किडं काडलं. देशीच मानूस तो, आपल्यासारखाच काळा, पर नाकाला फडकंसुदिक लावलं न्हाई त्यानं. पाय वाचला. आन् चार म्हैन्यांनी बहिरू ख्रिस्ती झाला.

आमच्या पंचांनी त्याचं भाकरी-पानी तोडलं. बयाबाई धा दिवस बोलली न्हाई कुनाशी. मग म्हन्ली, "पाय बरा केला तर पैसं घ्यावं, न्हाईतर दुवा घ्यावी. ह्यांनी मानूसच घेतला. ह्यात कायतरी काळंबेरं हाय."

सात वर्सं बहिरू तितं पाद्र्याच्या शेळ्या राखीत व्हता. त्यांच्या ख्रिस्ती देवळामागं एक खोपटं दिलं व्हतं त्याला. आमचा मेंढरांचा वाडा तवा लवळ्याच्या माळावर बसलेला. तिकडं मुळशीत धरनाचं पानी चढत व्हतं, गावंच्या गावं उटून चालली व्हती, आन् त्यात एक दिवस कुशाबा सांगत आला, "बये, तुज्या भावाचं खोपटं जातंय."

झालं व्हतं असं. पाद्र्याची एक शेळी मराय टेकली. बहिरूनं आपला जुना भंडारा काडला आन् खंडोबाचं नाव घेऊन तिच्या कपाळाला लावला. शेळी जगली. पर ते बगितलं हैबतरावानं. हा हैबतराव म्हंजे त्यांच्यातला बडा मानूस. मूळचा पाटलाच्या घरातला, ख्रिस्ती झालेला, देवळाला जागा त्यानंच दिलेली, म्हनून मंडळीचा, म्हंजे तितल्या समद्या ख्रिस्ती लोकांचा, पंच. त्यानं बोंब मारली, बहिरू दोन दगडांवर पाय ठेवतोय. आइतवारी भजन झाल्यावर निवाडा व्हनार व्हता. नाव काटलं, की खोपटंबी जानार. आन् आमच्या पंचांनी तर कवाच दार लावलेलं. पन्नाशीचा लंगडा मानूस, जानार कुटं?

"मी जाऊन बगते त्यांचा देव," म्हातारी म्हन्ली, आन् मला संगं घेतलं. चार कोस चाललो. आमी ख्रिस्ती नव्हतो म्हनून दारातच बसलो.

पाद्री वरती उभा राहून गोष्ट सांगत व्हता. म्हनं एका मेंढपाळाची शंभर मेंढरं, त्यातलं एक चुकलं. तर त्यानं नव्व्यान्नव रानात सोडली आन् त्या एकाच्या मागं गेला. देव तसा हाय, एकाएकासाटी फिरतो. बायांच्या डोळ्याला पानी आलं. आमची म्हातारी माझ्या कानाला लागली, "नव्व्यान्नव रानात सोडली? मग तवर लांडगा काय भजन म्हनत बसला व्हता का? ह्येनं जल्मात मेंढरू राखलेलं न्हाई."

"गप बसा की आत्याबाई!"

मग त्यांचं प्रभुभोजन सुरू झालं. पाद्री म्हन्ला, आपन सगळी एका भाकरीची, एका प्याल्याची. हितं कुनी उच्च न्हाई, कुनी नीच न्हाई. आदी त्यानं सोता घोट घेतला, मग द्राक्षरसाचा तो प्याला रांगेनं फिरला. खरं सांगते, मला ते ग्वाड वाटलं. आमच्या गावात महारवाड्यातल्या मानसाची सावली चुकवत्यात, आन् हितं महारवाड्यातला नथू त्याच प्याल्याला तोंड लावून प्याला, मग तोच प्याला त्यानं शेजारच्या हैबतरावाच्या हातात दिला. देऊन नथूनं मान पलीकडं फिरवली. हैबतरावानं प्याला वर केला, मिशा पुसल्या आन् फुडं दिला.

म्हातारीनं माझं मनगाट असं दाबलं, की बांगडी पिचली.

आता हे धनगरालाच कळनार. मेंढराला औषध पाजायचं तर बांबूचं नळकांडं तोंडात घालून वतावं लागतं. लबाड मेंढरू औषध गालात धरून उभं ऱ्हातं, आपन वळलो की टाकून देतं. म्हनून आमी मेंढराच्या तोंडाकडं बगतच न्हाई. गळ्याकडं बगतो. गळा हलला तर औषध गेलं. उभा जल्म म्हातारीनं गळं बगण्यात घालवलेला.

भजन सरलं. हैबतराव उभा राहिला आन् बहिरूकडं बोट करून म्हन्ला, "तोंडानं प्रभू आन् पोटात खंडोबा! असल्या ढोंग्याचं नाव आपल्या मंडळीत नको."

बहिरू काटीला धरून उभा व्हता. म्हन्ला, "शेळी मरत व्हती. मला जे येत व्हतं ते मी केलं."

पाद्री नरमाईनं बोलला, "बहिरू, चुकलं म्हन. सगळ्यांसमोर भंडारा टाकून दे. मंग ऱ्हा."

"चुकलं कसं म्हनू, सायेब? जित्राब वाचलं की."

तवर म्हातारी उंबरा वलांडून आत. "ओ पाद्रीसायेब! ह्या मिशाळानं तुमचा परसाद गिळला न्हाई. नुसत्या मिशा वल्ल्या केल्या. गळा हलला न्हाई त्याचा!"

 हैबतरावाचं तोंड इंगळासारखं लाल झालं. "कोन ही बया? हाकला हिला!"

"हाकला नंतर. आदी आन तो प्याला आन् पी माज्याफुडं. नथूचा उष्टा पी. घोट गिळलास तर मी माज्या भावाला हितनं घेऊन जाते, परत तोंड दावायची न्हाई."

हैबतरावानं प्याल्याकडं पाठ केली. म्हातारीनं नथूकडं बगितलं. "तू सांग रं बाबा, तुला ठावं न्हाई?"

नथू लई हळू बोलला. "ठावं हाय, मावशे. सात वर्सं ठावं हाय. म्हनून तर मी तिकडं बगत न्हाई."

मी पाद्र्याच्या तोंडाकडं बगत व्हते. त्याला अचंबा वाटला न्हाई. त्यानं मान खाली घातली, आन् तितंच मला समजलं, की ह्यालाबी ठावं हाय. म्हातारीलाबी समजलं. ती म्हन्ली, "किडं काडनारा हात तुजा, सायेब. म्हनून इचारते. भंडारा लावला तर नाव काटायचं. आन् प्याला गिळला न्हाई तर?"

"मावशी," पाद्री म्हन्ला, "हैबतरावांचा विषय वेगळा हाय. मंडळी नवी हाय. समदं एकदम न्हाई व्हत."

"व्हय. जागा दिलीया न्हवं त्यानं."

बहिरूचं नाव काटलं. पाद्र्याच्या डोळ्यात पानी व्हतं, हे मी शपथेवर सांगते, पर काटलं. नथू तेवढा उटून दारापातूर आला, बहिरूचं घोंगडं त्यानंच बांदून दिलं. म्हातारी आख्ख्या वाटंनं शिव्या देत व्हती. "ढोंगी मेले! आमच्यात जात हाय तर आमी सांगतो, हाय म्हनून. हे न्हाई म्हन्त्यात आन् मिशीत लपवत्यात! चल रं बहिऱ्या, तुज्या भनीचा वाडा हाय अजून. बगू पंच काय करत्यात ते. मी बसलीया!"

मला तवा म्हातारीचा लई अभिमान वाटला. बारा वर्सांत पयल्यांदाच.

दुपार कलताना वाड्यावर पोचलो. माझ्या मालकानं, धुळानं, मामाला बगितलं आन् घोंगडी हातरली, वाड्याच्या भाईर, बाभळीखाली. बहिरू दमून बसला. म्हन्ला, "बया, पानी दे."

म्हातारीनं भरला तांब्या आनला. भावाफुडं वाकली. बहिरूनं तांब्या घ्यायला दोन्ही हात फुडं केलं, आन् म्हातारी म्हन्ली, "वंजळ धर."

तिला कळलंबी न्हाई ती काय बोलली. तांब्या वर धरून ती वतायला लागली. बहिरूच्या वंजळीतनं पानी गळून गेलं, तो प्यालाच न्हाई. तो भनीकडं बगत व्हता.

"बया," तो म्हन्ला, "हैबतरावानं निदान नथूच्या हातनं भांडं तरी घेतलं व्हतं."

मला वाटलं, आता म्हातारी तोंडाचा पट्टा सोडनार.   पर तिनं तांब्या त्याच्या हातात दिला. दिला, मी बगितलं. बहिरू तोंड लावून अर्धा तांब्या प्याला आन् तो खाली ठेवला.

म्हातारी सकाळधरनं तहानलेली. तिनं तांब्या उचलला. तोंडापातूर न्हेला.  भाऊ बगत व्हता, मी बगत व्हते. मग तिनं तो तांब्या माझ्याकडं केला आन् माझ्याकडं न बगताच म्हन्ली, "चिमे, हे वत बाभळीच्या बुडात. दुसरं आन."

सगळ्या जगाचा संशय घेनारी बाई ती, त्या दिवसापास्नं तिनं कुनाच्या तोंडाचा वास घेतला न्हाई का कुनाचा नारळ जोखला न्हाई. आन् मी? मी ते पानी वतलं. तांब्या राखेनं घासला, दोनदा घासला, आन् बहिरू तितंच बसून बगत व्हता.