बिनऔषधाची ओळ

दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा तिथे लिफ्ट होती, पण चालायची वीज असली तर. सुनेनं मात्र आल्या आल्या कॉम्प्युटर घेतला. दोन औषधं एकत्र दिली तर रोगट पेशींचं काय होतं, यावर तिची पीएच.डी. चालली होती. औषधं एकमेकांना हात देतात, एकमेकांच्या पायात पाय घालतात, की आपापलं काम करून गप्प बसतात, हे तिचं सॉफ्टवेअर सांगायचं. त्यासाठी त्यात प्रयोगशाळेतले आकडे भरावे लागत. ते मी भरायचे. टायपिंग मी तिच्या माघारी एका बोटानं शिकले होते, आणि सोसायटीत सांगत फिरायचे, "सध्या आमचं कॅन्सरच्या औषधांवर चाललंय."

एका शुक्रवारी निकाल आला. दोन्ही औषधं एकमेकांची वैरी. ही जोडी ठेवायची की तीन वर्षांचं काम बंद करायचं, हे सुनेचे गाईड सर सोमवारी ठरवणार होते.

आमचे हे पेपरामागून म्हणाले, "एका घरात दोन बायकांचं जमत नाही, औषधांना कशाला दोष द्या."

"बाबा, प्लीज," सून म्हणाली.

मी पोळ्या लाटायला गेले आणि लाटता लाटता मला आठवलं. प्रयोगशाळेच्या प्रत्येक कागदावर एक ओळ शून्याची असायची. हेही औषध शून्य, तेही शून्य. जे दिलंच नाही त्याचं कशाला लिहायचं, म्हणून तांदळातले खडे काढावेत तशा मी त्या ओळी काढून टाकल्या होत्या. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. दोन पोळ्या होईपर्यंत तोही विचार केला.

"अगं, ते शून्यवाले भरायचे असतात का?"

"कोणते, आई?"

"जिथे काहीच दिलं नाही ते. मी सोडले."

"सगळे?"

"निवडून निवडून."

तिनं कपाळावर हात मारला. "आई, यार, औषध न देता पेशी किती वाढतात त्यावरूनच तर बाकीचं मोजायचं. सॉफ्टवेअर पुढच्याच ओळीला बिनऔषधाची समजून बसलं, म्हणून निकाल उलटा."

"मग तसं कुठे लिहून ठेवलं होतंस?" मी म्हटलं. चूक आपली असली की आवाज जरा चढवावा लागतो.

शनिवार-रविवार ती वाचत होती, मी भरत होते. चहा ह्यांच्याकडे. रविवारी दुपारी नवा निकाल आला. औषधं एकमेकांना चांगला हात देत होती. सुनेनं सगळं पुन्हा चालवून पाहिलं, तरी तेच.

सोमवारी सरांनी जोडी ठेवली. आधी उलटं कसं आलं, असं त्यांनी विचारलं, तर हिनं "डेटा एंट्रीत गडबड होती" एवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. ऐकून बरं वाटलं. मग जरा वाईटही वाटलं. एवढी मोठी गडबड, आणि त्यात आपलं नावच नाही.