झेफेरिनोचे डार्विनचे मालक

आमचा तिमोर स्वतंत्र झाला त्या वर्षी झेफेरिनोने एकुलती एक म्हैस विकून बाउकाउच्या बाजारात दुकान टाकलं. तांदूळ, साखर, मेणबत्त्या, सार्डिन माशांचे डबे. त्याच्या बायकोने, एरमेलिंडाने, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बुडालं तर मी माहेरी जाणार." समोरच माझं शिलाई मशीन, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

झेफेरिनो धंद्याला हुशार. पण त्याला नातेवाईक होते, आणि आमच्याकडे नातेवाईक म्हणजे अर्धा डोंगर. कोणी मेलं की ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचं, असा रिवाज. पहिल्या वर्षात अकरा मयती झाल्या आणि पोत्यांमागून पोती डोंगरात गेली. एक मीही नेलं, चुलतसासूच्या वेळी. खोटं कशाला बोलू?

शेवटी झेफेरिनोने डोकं चालवलं. बाजारातून फोटोची एक चौकट आणली. आत नमुना म्हणून पिकल्या केसांच्या कुणा गोऱ्याचा फोटो होता. तो तसाच ठेवून चौकट गल्ल्यामागे टांगली.

"हे ब्रिग्जसाहेब. ऑस्ट्रेलियात, डार्विनला असतात," त्याने सगळ्यांना सांगितलं. "दुकान आता त्यांचं. मी नुसता नोकर."

त्याचे अनाक्लेटोकाका पुढच्या मयतीचं पोतं न्यायला आले, तेव्हा झेफेरिनोने मान खाली घातली. "काका, माझं असतं तर दोन दिली असती. पण साहेबांचा सगळा जीव पोत्यांत."

काकांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. "तोंडावरूनच चिक्कू दिसतो," म्हणाले आणि रिकाम्या हातांनी डोंगर चढले.

दोन वर्षं दुकान झकास चाललं. लोक ब्रिग्जसाहेबांना वर्षभर शिव्या द्यायचे आणि नाताळला त्यांच्यासाठी कोंबडा आणून द्यायचे. तो एरमेलिंडा शिजवायची.

घात केला तो सरकारी कचेरीने. नव्या देशात परदेशी भांडवलाला फार मान. एका सोमवारी कारकून आला. "बाउकाउमध्ये परदेशी मालक आहे आणि आम्हाला पत्ताच नाही? आमचे मोठे साहेब शुक्रवारी येतायत, तुमच्या मालकांच्या खांद्यावर मानाचा शेला घालायला. बोलावून घ्या त्यांना. कागदपत्रंही काढून ठेवा."

झेफेरिनो पांढराफटक पडून माझ्याकडे आला. "ताई, काय करू गं? कागद म्हणशील तर चौकटीची पावतीसुद्धा नाही."

"मारून टाक त्यांना," मी म्हणाले. हातात कुणाची तरी कॉलर होती. फार विचार केला नव्हता, हे कबूल करते.

बुधवारी सकाळी झेफेरिनोने दंडाला काळी फीत बांधली. साहेब गेले, हार्ट अटॅकने. कारकून हळहळून परत गेला. आम्ही दोघांनी कॉफी घेतली.

दुपारी डोंगर खाली उतरला. सगळ्यांत पुढे काळ्या शर्टातले अनाक्लेटोकाका. "दोन वर्षं त्याचं अन्न खाल्लंस पोरा. म्हणजे तो आपलाच. तिकडे डार्विनला त्याला रडायला कोण बसलंय?" त्यांनी स्वतः फोटो उतरवून टेबलावर ठेवला. मयताला सातव्या दिवशी कडू फुलं वाहतात, तोपर्यंत सगळे तिथेच जेवले आणि मग पुढच्या आठवड्यातल्या गोड फुलांच्या दिवसासाठी थांबले. सार्डिन संपलं, साखर संपली. दुकानातल्या मेणबत्त्या दुकानाच्याच मालकापुढे जळून गेल्या.

शेवटचं पोतं खांद्यावर घेताना काकांनी डोळे पुसले. "चिक्कू होता बिचारा. आज असता ना, तर हे नेऊ दिलं नसतं त्याने."

तेव्हा मात्र झेफेरिनो खरोखर रडला. ब्रिग्जसाहेबांसाठी इतक्या मनापासून दुसरं कोणी रडलं नसेल. सल्ला माझा होता, म्हणून मी गुपचूप मशीनवर जाऊन बसले.

एरमेलिंडा आता बोचकं बांधणार, असं मला वाटलं. तिने रिकामी फळी फडक्याने पुसली आणि नवऱ्याच्या हातात बाजाराची पिशवी दिली.

"पुरे झालं रडणं. साहेबांना बायको असेलच ना? जा, दुसरी चौकट आण. आणि तोंड बघून आण, जरा खाष्ट असू दे."